जिम लीडरला हरवायचं कसं? – पोकेमॉनमधून गुणाकार, संभाव्यता आणि नियोजन



आजचा पाठ थोडा वेगळा आहे. काही दिवसांपूर्वी मधल्या सुट्टीत सातवीतला एक मुलगा माझ्याकडे आला. पुण्याच्या मामेभावाने त्याला आपलं जुनं हातात धरायचं गेमयंत्र दिलं होतं. त्यात 'पोकेमॉन फायररेड' हा खेळ होता. मुलगा रडकुंडीला आलेला. म्हणाला, "सर, त्यो दगडाचा साप हरंना की. अकरा वेळा झालं."

मी विचारलं, "मग तू काय करतोस?"

"लेव्हल वाढवतो. गवतात हिंडून बारके पोकेमॉन मारतो, लेव्हल वाढली की परत जातो. परत हरतो."

खरं तर मला त्याला म्हणायचं होतं की, खेळ ठेव आणि पुस्तक उघड. पण त्याच दिवशी मी त्याची गणिताची घटक चाचणी तपासली होती. २० पैकी ६ गुण. तो मला जे सांगत होता, तेच त्या उत्तरपत्रिकेतही होतं. ते कसं, हे पाठाच्या शेवटी सांगतो. आधी त्या दगडी सापाकडे बघू.

पाठाची उद्दिष्टे

१. अपूर्णांक आणि दशांश अपूर्णांकांचा गुणाकार प्रत्यक्ष वापरून पाहणे.
२. संभाव्यतेवरून सरासरी फायदा काढणे.
३. हरल्यावर कारण शोधून पुढचे नियोजन करणे.

१) बॉस म्हणजे कोण?

पोकेमॉनचा पहिला खेळ १९९६ साली जपानमध्ये आला. तो तयार करणारे सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता. त्यातूनच प्राणी पकडायचे, वाढवायचे आणि मित्रांशी अदलाबदल करायचे, ही कल्पना सुचली. आपल्याकडे अनेकांना पोकेमॉन कार्टूनमुळे माहीत आहे. त्यातला पिकाचू लहान भावंडांनाही ओळखता येतो.

खेळात आपण 'ट्रेनर' असतो. गावोगावी फिरताना प्रत्येक मोठ्या गावात एक जिम लागते. जिम म्हणजे आपल्या भाषेत तालीम समजा. त्या तालमीचा वस्ताद म्हणजे जिम लीडर. असे आठ लीडर हरवले की आठ बॅज मिळतात. मग 'एलिट फोर' नावाचे चार महारथी आणि सर्वांत शेवटी चॅम्पियन. हे सगळे 'बॉस'.

वाटेत भेटणारा साधा ट्रेनर आणि बॉस यांच्यात फरक काय? साध्या ट्रेनरला आपण आपल्या आवडत्या एकाच पोकेमॉनने रेटून हरवू शकतो. बॉससमोर रेटणं चालत नाही. बॉस आपल्याला थांबवतो आणि विचारतो, "बाबा, तुला खेळ कळलाय का?" परीक्षेतला अवघड प्रश्नही हेच विचारत असतो.

२) आधी ओळखा, मग लढा

प्रत्येक लीडरचा एक ठरलेला प्रकार असतो. खेळात त्याला 'टाइप' म्हणतात. फायररेडमधले आठ लीडर असे:

ब्रॉक – खडक
मिस्टी – पाणी
लेफ्टनंट सर्ज – वीज
एरिका – गवत
कोगा – विष
सब्रीना – मनःशक्ती
ब्लेन – आग
जिओव्हानी – जमीन

कोणता टाइप कोणावर भारी, याचे नियम बरेचसे आपल्या रोजच्या अनुभवातले आहेत. पाणी आगीवर भारी. आग गवतावर भारी. गवत पाण्यावर आणि जमिनीवर भारी. वीज पाण्यावर भारी, पण जमिनीवर तिचा परिणाम शून्य! (घराच्या वायरिंगला अर्थिंग का देतात, ते आठवा.) हे नियम खेळात गुणकाच्या रूपात येतात:

भारी असेल तर × २
साधारण असेल तर × १
कमजोर असेल तर × १/२
परिणामच नसेल तर × ०

३) फटक्याचं गणित

आता आपल्या दगडी सापाकडे येऊ. त्याचं नाव ऑनिक्स. ब्रॉककडे हा चौदाव्या लेव्हलचा असतो. ऑनिक्सचे टाइप दोन आहेत: खडक आणि जमीन. आपल्या मुलाने सुरुवातीला निवडला होता चार्मँडर, म्हणजे आगीचा पोकेमॉन.

फटका किती बसेल, हे खेळ एका सूत्राने ठरवतो. ते पायरीपायरीने असं आहे:

पहिली पायरी: लेव्हलला २ ने गुणा, ५ ने भागा, वरचा अपूर्णांक सोडा आणि २ मिळवा. १४ × २ = २८, भागिले ५ म्हणजे ५, अधिक २ म्हणजे ७.
दुसरी पायरी: त्याला चालीच्या ताकदीने गुणा.
तिसरी पायरी: आपल्या हल्ल्याच्या आकड्याने गुणा, समोरच्याच्या बचावाच्या आकड्याने भागा.
चौथी पायरी: ५० ने भागा, अपूर्णांक सोडा, २ मिळवा. हा झाला 'मूळ फटका'.
पाचवी पायरी: पोकेमॉन स्वतःच्याच टाइपची चाल वापरत असेल तर १.५ ने गुणा. मग टाइपच्या गुणकाने गुणा.

शेवटी खेळ त्यात थोडा नशिबाचा भागही घालतो. हिशेबाने आलेल्या फटक्याच्या ८५ ते १०० टक्के एवढा फटका प्रत्यक्ष बसतो. शिवाय प्रत्येक पोकेमॉनच्या जन्मजात गुणांत थोडा फरक असतो. आपण सोपेपणासाठी जन्मजात जादा गुण शून्य आणि नशीब पूर्ण १०० टक्के धरू.

चौदाव्या लेव्हलच्या चार्मँडरचा विशेष हल्ला २१ येतो. ऑनिक्सचा विशेष बचाव १७ आणि जीव ३३. चार्मँडरची 'एंबर' ही आगीची चाल ४० ताकदीची आहे.

७ × ४० = २८०
२८० × २१ ÷ १७ = सुमारे ३४५
३४५ ÷ ५० = ६ (अपूर्णांक सोडून), अधिक २ = ८
८ × १.५ = १२
खडकावर आग कमजोर, म्हणून १२ × १/२ = ६

३३ जीवाच्या सापाला ६ चा फटका. म्हणजे निदान सहा वेळा मारावं लागणार. आणि तोवर साप गप्प बसतो का? त्याच्याकडे 'रॉक टूम' ही खडकाची चाल आहे आणि खडक आगीवर भारी, म्हणजे दुप्पट! आपला फटका निम्मा आणि त्याचा दुप्पट. अकरा वेळा हरण्याचं कारण हे होतं.

आता हीच लढत पाण्याच्या स्क्वर्टलने लढू. लेव्हल तीच १४, 'वॉटर गन' या चालीची ताकदही तीच ४०. स्क्वर्टलचा विशेष हल्ला तर १९, म्हणजे चार्मँडरपेक्षा कमी!

२८० × १९ ÷ १७ = सुमारे ३१२
३१२ ÷ ५० = ६, अधिक २ = ८
८ × १.५ = १२
पाणी खडकावर दुप्पट आणि जमिनीवरही दुप्पट, म्हणून १२ × २ × २ = ४८

एका फटक्यात साप आडवा!

इथे जरा थांबा आणि पुन्हा बघा. दोघांचा मूळ फटका ८ च होता. दीडपट केल्यावर दोघांचे १२ च झाले. फरक पडला तो फक्त शेवटच्या गुणकात. एकाला १/२ आणि दुसऱ्याला ४. म्हणजे आठपट.

आता आपल्या मुलाचा उपाय तपासू, "लेव्हल वाढवतो." समजा त्याने कष्ट करून विसावी लेव्हल गाठली. तोवर चार्मँडरचा चार्मेलियन झालेला असतो. विशेष हल्ला ३७ होतो. हिशेब केला तर एंबरचा फटका येतो १४. सहाचे चौदा झाले खरे, पण त्यासाठी कितीतरी तास गवतात हिंडावं लागलं. पोकेमॉन बदलला असता तर त्याच लेव्हलला ४८ मिळाले असते.

कष्ट वाया जात नाहीत, हे लक्षात ठेवा. पण चुकीच्या गुणकाने गुणलेले कष्ट निम्मे होतात.

४) "पण सर, माझ्याकडे स्क्वर्टल न्हाई"

हा प्रश्न त्या मुलाने लगेच विचारला, आणि बरोबर विचारला. खेळाच्या सुरुवातीला तीनपैकी एकच पोकेमॉन मिळतो. निवड झाली की झाली. मग?

मग आपल्या आजूबाजूला काय आहे ते बघायचं. ब्रॉकच्या गावाला पोचण्याआधीच, पश्चिमेकडे 'रूट २२' नावाचा छोटा रस्ता आहे. तिथे मँकी नावाचा माकडासारखा पोकेमॉन सापडतो. हा लढाऊ टाइपचा, आणि लढाऊ टाइप खडकावर भारी. शिवाय खडकाची चाल लढाऊ टाइपवर निम्मीच लागते. म्हणजे दोन्हीकडून फायदा.

त्याची 'लो किक' ही चाल तर मजेशीर आहे. समोरचा जितका जड, तितकी तिची ताकद जास्त. ऑनिक्सचं वजन २१० किलो, म्हणून ताकद थेट १२०. कुस्ती पाहणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. गडी जेवढा अवजड, तेवढा पाय काढल्यावर जोरात आपटतो. दहाव्या लेव्हलचा मँकीसुद्धा सापाला दोन फटक्यांत लोळवतो. (हिशेब स्वाध्यायात दिला आहे.)

चार्मँडर टाकून द्यायचा का? अजिबात नाही. पुढे एरिकाच्या गवताच्या जिममध्ये तोच आपला सर्वांत मोठा आधार असतो. जो एका पेपरात कच्चा, तो दुसऱ्या पेपरात पक्का असू शकतो.

५) नावावर जाऊ नका, आत बघा

आठ बॅज मिळाले की एलिट फोर. त्यातली पहिली लोरेलाय. ती 'बर्फाची' म्हणून प्रसिद्ध आहे. पण तिची फळी नीट पाहा: ड्यूगाँग, क्लॉयस्टर, स्लोब्रो, जिंक्स आणि लाप्रास. या पाचांपैकी चौघे पाण्याचेही आहेत! म्हणून विजेचा पोकेमॉन चौघांवर दुप्पट चालतो. फक्त जिंक्ससाठी वेगळी सोय करावी लागते. तिथे आग चालते.

शेवटचा लान्स ड्रॅगनवाला. त्याचा ड्रॅगनाइट हा ड्रॅगन आणि उडणारा, असा दोन टाइपचा. बर्फ दोन्हींवर भारी, म्हणून २ × २ = ४. पण त्याच्याच गॅराडोसवर बर्फ चालवलं तर? गॅराडोस पाणी आणि उडणारा. १/२ × २ = १. म्हणजे साधाच फटका. तिथे वीज लावली तर २ × २ = ४. वरची पाटी एकच असली तरी आतला हिशेब प्रत्येकाचा वेगळा.

आणखी एक गोष्ट. एलिट फोरच्या चार लढती आणि चॅम्पियनची पाचवी, सलग लढाव्या लागतात. मध्ये पोकेमॉन सेंटरला जाऊन उपचार करता येत नाहीत. सोबत घेतलेली औषधं पुरवून वापरायची. पहिल्याच लढतीत सगळी संपवली तर लान्ससमोर हात रिकामे. तीन तासांच्या पेपरात पहिल्या प्रश्नालाच दीड तास घालवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

६) मोठी चाल की खात्रीची चाल?

विजेच्या दोन चाली पाहू. 'थंडर'ची ताकद १२०, पण ती १०० पैकी ७० वेळाच लागते. 'थंडरबोल्ट'ची ताकद ९५ आणि ती १०० पैकी १०० वेळा लागते. मुलं हमखास थंडर निवडतात, कारण आकडा मोठा.

सरासरी काढू:
थंडर: १२० × ०.७० = ८४
थंडरबोल्ट: ९५ × १.०० = ९५

दिसायला मोठी चाल सरासरीत छोटी निघाली. पण मग थंडर कधीच वापरायची नाही का? तसंही नाही. समजा आपला पोकेमॉन पुढच्या फटक्यात नक्की पडणार आहे आणि थंडरबोल्टने समोरचा मरणारच नाही, थंडरने मात्र मरू शकतो. अशा वेळी ७० टक्क्यांची संधी घेणं शहाणपणाचं. सरासरी नेहमीसाठी असते, निर्णय मात्र त्या क्षणाचा असतो. हा फरक कळणं म्हणजे संभाव्यता कळणं.

७) हरल्यावर शिल्लक काय राहतं?

फायररेडमध्ये सगळे पोकेमॉन पडले की थोडे पैसे जातात आणि आपण मागच्या उपचार केंद्रात परत येतो. पण त्या लढतीत मिळालेला अनुभव खेळ परत घेत नाही. आणि खेळात न दिसणारी एक गोष्टही आपल्याकडे राहते ती म्हणजे माहिती. समोरच्याकडे कोणते पोकेमॉन होते, कोणती चाल आधी आली, आपला कोण कशाने पडला, हे सगळं आता आपल्याला माहीत असतं.

आपल्या मातीतलं उदाहरण घ्या. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले. तालमीच्या मातीत घडलेला हा मल्ल तिथे मॅटवर लढला आणि फ्लायवेट गटात सहावा आला. पदक नाही. पण मॅटची कुस्ती कशी असते, हे ते पाहून आले. चार वर्षं तयारी केली आणि १९५२ साली हेलसिंकीला बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

म्हणून त्या मुलाला मी वहीत तीन रकाने आखून दिले: 'समोर कोण होता', 'मी काय केलं', 'कशामुळे पडलो'. म्हटलं, "बारावी वेळ हरलास तरी चालेल, पण हे भरल्याशिवाय तेरावी वेळ लढायचं नाही."

८) मोबाईलवर 'पोकेमॉन गो' खेळणाऱ्यांसाठी

हा खेळ भारतात डिसेंबर २०१६ मध्ये अधिकृतपणे आला. त्यातले बॉस म्हणजे टीम रॉकेटचे क्लिफ, सिएरा, आर्लो आणि त्यांचा म्होरक्या जिओव्हानी. इथे गुणक वेगळे आहेत. भारी असेल तर १.६ आणि दोन्ही टाइपवर भारी असेल तर १.६ × १.६ = २.५६. या लीडरांकडे दोन ढाली असतात आणि आपल्या पहिल्या दोन मोठ्या चाली ते त्यावर झेलतात. म्हणून आधी लवकर भरणारी स्वस्त चाल वापरून ढाली संपवा, मग ठेवणीतली चाल काढा.

दोन सूचना मात्र पक्क्या. रस्त्यावर चालताना स्क्रीनकडे बघायचं नाही. गाळप हंगामात ढोकीच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते आणि ट्रॉलीचा चालक तुमचा पोकेमॉन बघून ब्रेक मारणार नाही. दुसरं, खेळात पैसे भरून वस्तू घ्यायला सांगतात. घरच्यांना न विचारता एक रुपयाही भरायचा नाही. आजचा सगळा पाठ पैशाशिवाय जिंकण्याचाच आहे.

९) आता ती उत्तरपत्रिका

तीन दिवसांनी मुलगा आला तो हसतच. "सर, मँकीनं लोळवला!" त्याच्या वहीचे तीनही रकाने भरलेले होते. मग मी त्याला त्याची घटक चाचणी दिली. तिच्यावर मीच लाल शाईने शेरा मारला होता: 'अधिक सराव आवश्यक.'

तो म्हणाला, "सर, गणितात माझी लेव्हलच कमी हाय."

मी म्हटलं, "तेच तीन रकाने इथं भर."

दोघांनी मिळून भरले. सात उदाहरणं चुकली होती. त्यातली पाच एकाच प्रकारची निघाली: अपूर्णांकाचा भागाकार. ३/४ ÷ २/५ या उदाहरणात त्याने वरच्याला वरचा आणि खालच्याला खालचा गुणून ६/२० लिहिलं होतं. दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचं, म्हणजे ३/४ × ५/२ = १५/८, ही एकच पायरी त्याला माहीत नव्हती. मधल्या काळात त्याने शंभर उदाहरणं सोडवली असती तरी ती शंभरही तशीच चुकली असती.

मला तेव्हा माझ्याच शेऱ्याची लाज वाटली. 'अधिक सराव आवश्यक' म्हणजे 'गवतात जाऊन लेव्हल वाढव' असंच मी त्याला सांगत होतो. त्याची लेव्हल कमी नव्हती. त्याच्या कष्टाला १/२ ने गुणलं जात होतं आणि तो गुणक कुठे बसलाय, हे शोधणं माझंही काम होतं.

पुढच्या चाचणीत त्याला ११ गुण मिळाले. वर्गात पहिला वगैरे आला नाही. पण अपूर्णांकाच्या भागाकाराचं एकही उदाहरण चुकलं नाही. आता आमच्या वर्गात चाचणीनंतर सगळेच ते तीन रकाने भरतात आणि मी तो शेरा लिहिणं बंद केलंय. त्याऐवजी 'कोणता प्रकार चुकला' ते लिहितो.

पालकांनाही एक विनंती. मुलगा खेळात हरून चिडला तर लगेच यंत्र हिसकावू नका. दिवसाला अर्धा-पाऊण तास ठरवून द्या, आणि एकदा तरी विचारा, "कशामुळे हरलास?" तो जे उत्तर देईल, त्यावरून तो अभ्यास कसा करतो तेही कळेल.

स्वाध्याय

१. दहाव्या लेव्हलच्या मँकीचा हल्ला २१ आहे. ऑनिक्सचा बचाव ४९ आहे. लो किकची ताकद १२० धरून फटका काढा. (उत्तर: मूळ फटका ८, ८ × १.५ × २ = २४)

२. 'फायर ब्लास्ट'ची ताकद १२० असून ती १०० पैकी ८५ वेळा लागते. 'फ्लेमथ्रोअर'ची ताकद ९५ असून ती दर वेळी लागते. दोन्हींची सरासरी काढा. थंडरच्या उदाहरणापेक्षा इथे काय वेगळं आलं?

३. 'हायड्रो पंप' १२० ताकदीची, १०० पैकी ८० वेळा लागणारी, पण फक्त ५ वेळा वापरता येते. 'सर्फ' ९५ ताकदीची, दर वेळी लागणारी, १५ वेळा वापरता येते. एलिट फोरला जाताना कोणती न्याल? कारण लिहा.

४. जमीन आणि खडक अशा दोन टाइपच्या पोकेमॉनवर विजेचा गुणक किती? (सूचना: कोणत्याही संख्येला शून्याने गुणलं तर?)

५. तुमची मागची कोणत्याही विषयाची उत्तरपत्रिका घ्या. तीन रकाने आखा. चुकांचे प्रकार मोजा. किती चुका झाल्या ते नको. किती प्रकारच्या झाल्या ते लिहून आणा.

पाचवा प्रश्न सगळ्यांनी सोडवायचाच आहे. पोकेमॉन न खेळणाऱ्यांनीसुद्धा!

भेटूया पुढच्या पाठात.